बारा फुटांचं फाटक

"मावशी, उठा आता. सिमेंट कालवून ठेवलंय, घट्ट होऊन राह्यलं."

"होऊ दे."

चतुराबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या. पाय खड्ड्यात सोडलेले, मांडीवर भाकर, भाकरीवर ठेचा. खड्डा मी कुंपणाच्या खांबासाठी घेतला होता. सकाळपासून बाई तिथून हलल्या नव्हत्या.

"खाय रे मिस्त्री. उपाशीपोटी भांडाय येत न्हाई," असं म्हणून त्यांनी अर्धी भाकर माझ्यापुढे केली. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी खाल्ली. ठेचा इतका जहाल होता की डोळ्यांतून पाणी आलं.

मी बद्रीनाथ. नवीन जालन्यात माझं फाटकं-ग्रिलांचं दुकान. सगळी हयात लोखंडात गेली, पण २००५ साली अण्णासाहेबांनी मला प्लॅस्टिकला लावलं. साहेब औरंगाबादचे, रिटायर इंजिनिअर. बदनापूरजवळ शेत घेऊन बंगला बांधला होता. परदेशात मुलाकडे पांढरंशुभ्र प्लॅस्टिकचं कुंपण पाहून आले आणि तसंच इथे पाहिजे म्हणून हटून बसले. गंज नाही, रंग नाही, वाळवी नाही! माल मुंबईहून आला. गावातली माणसं येऊन त्यावर टिचक्या मारून बघायची. एक म्हातारा म्हणाला, "वावराला कवळी बसवली की हो सायबानं!"

कवळी बसवायला हरकत नव्हती. पण ती चतुराबाईंच्या गाडीरस्त्यावर आडवी येत होती. साहेबांच्या शेतामागे त्यांचं तीन एकर वावर, आणि जायला हाच एक रस्ता. सासऱ्याच्या आधीपासूनची वहिवाट. साहेबही ती नाकारत नव्हते. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती.

"मी रस्ता बंद कुठे करतोय?" साहेब खड्ड्याजवळ येऊन म्हणाले. "एवढा भाग काढता येईल असाच करतोय. तुम्हाला लागेल तेव्हा वॉचमनला सांगा, तो काढून देईल. पायी जायला कडेला छोटं दार आहेच."

"लागंल तव्हा? म्हंजी म्या इचारायचं, आन् त्यानं हाव म्हनायचं?"

"अहो, पण गाडी आहे कुठे तुमच्याकडे आता?"

खरं होतं ते. मागच्या श्रावणात जोडीतल्या एका बैलाला पान लागलं. सापानं डसलेला बैल तासाभरात गेला. दुसरा एकटा काय कामाचा, म्हणून बाईंनी तो विकून टाकला. चतुराबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्यांनी तो शांतपणे खाल्ला.

"गाडी न्हाई. पर रस्ता गाडीचा हाये, सायेब."

त्यांचे दीर मच्छिंद्र मध्ये पडले. "वैनी, घ्या की मिटवून. सायेब बरोबर बोलून राह्यले."

झालं! बाईचा पारा चढला. "तुमी तं बोलूच नका, भाऊजी! लगीन करून आले तव्हापून सासऱ्याला इचारून वावरात गेले. मंग मालकाला इचारून. मालक गेले तं तुमी म्हनले, आता मला इचारायचं. सातबाऱ्यावर माझं नाव लागोस्तोर तुमच्याशी भांडले. आता माझ्या वावरात जायाला वॉचमनचं तोंड बघू व्हय?"

संध्याकाळी म्हशीची धार काढायची वेळ झाली तशा बाई आपणहून उठल्या, लुगडं झटकलं आणि माझ्याकडे न बघता गेल्या. मी खांब बसवला. काम घेतलंय म्हटल्यावर करणारच, मी काही पंच नव्हतो. आणि कामात कसूर ठेवणं माझ्या स्वभावात नाही. जमिनीत लोखंडी नळा गाडला, मधला खांब त्यात नुसता उभा केला, आडव्या पट्ट्या खाचांत सरकवून खिळीनं अडकवल्या. खिळी ओढली की सगळं सुटं. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही, पण ते निघतं हे माहीत असणाऱ्याला दोन मिनिटांचं काम.

आठवडाभरानं दुकानात फोन आला. "बद्रीनाथ, ताबडतोब या! कुंपण चोरीला गेलं!"

गेलो मोटारसायकल दामटत. बघतो तर कुंपणात बारा फुटांची मोकळी जागा. मधला खांबसुद्धा गायब. नळ्याच्या तोंडावर मात्र दगड ठेवलेला, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. आणि मातीत ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे वळ.

चतुराबाई पलीकडे लिंबाखाली उभ्या होत्या. शेजारी पोत्यावर माझ्या पट्ट्या, चिखल पुसून, एकावर एक रचलेल्या. मागे पेरणीचा ट्रॅक्टर चालला होता.

"ही चोरी आहे!" साहेब ओरडले.

"चोरी? तुमचंच हाये, हे काय इथं ठिवलंय. भाड्याचा ट्रॅक्टर दारात हुभा. तुमचा वसंता वॉचमन कुठं उलथला व्हता देव जाने. हाका मारून घसा सुकला माझा. ट्रॅक्टरवाला म्हने, मी चाललो दुसऱ्याच्या वावरात. पेरनीजोगा वापसा, जमिनीतली ओल, काय वॉचमनची वाट बघत थांबतो व्हय?"

"मी पोलिसांत देईन!"

"द्या की. काय सांगसाल? काढाय येत व्हतं, बाईनं काढलं?"

मला हसू फुटलं. आवरेचना. साहेब माझ्यावर खेकसले, "तुम्ही काय हसताय?"

"काही नाही साहेब. आमचं काम चांगलं झालंय म्हणायचं."

साहेबांनी मातीतले चाकांचे वळ पाहिले, मग पेरणीचा ट्रॅक्टर. शेवटी म्हणाले, "पाच फुटांचं फाटक करा. कायमचं."

"बारा," बाई म्हणाल्या.

"बरं, बारा. किल्ली एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे."

"कुलूप तुमच्या बंगल्याला लावा, सायेब. रस्त्याला कुलूप ऱ्हात न्हाई." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "येता-जाता झाकून घिन मी. तुमच्या फुलझाडात एक ढोर जायाचं न्हाई. माझा शबूद हाये."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. या बाईचा शब्द कुलपापेक्षा पक्का आहे, हे कुणालाही कळलं असतं. त्यांनाही कळलं. "करा," ते म्हणाले आणि बंगल्याकडे वळले.

बारा फुटांचं प्लॅस्टिकचं फाटक म्हणजे पोरखेळ नाही. पोकळ खांब वजनानं वाकतो. मी दोन्ही खांबांत लोखंडी पाइप घालून सिमेंट ओतलं. दोन झडपा केल्या, झडपांना आतून तिरपी पट्टी दिली, कडी दोन्हीकडून हात पोचेल अशी बसवली. झडप अर्धा इंचसुद्धा खाली झुकली नाही. स्वतःच्या कामाचा इतका आनंद मला फार वर्षांनी झाला.

फाटक बसवलं त्या दिवशी साहेब बघायला आले. चतुराबाई वावरात निघाल्या होत्या, हातात नुसता विळा. मी कौतुकानं एक झडप उघडून धरली. "या मावशी."

"दोन्ही उघड."

"अहो, तुम्ही एकट्याच तर आहात."

"दोन्ही उघड म्हनले ना!"

उघडल्या दोन्ही. चतुराबाई मधून गेल्या नाहीत. पदर सावरून अगदी डाव्या कडेनं निघाल्या, गाडीबरोबर बैलाच्या अंगानं चालतात तशा, सावकाश, मधली सगळी जागा सोडून. मी आणि अण्णासाहेब रस्त्यात उभे होतो. आम्ही दोघंही मागे सरकून बाजूला झालो.