फिरत्या डिस्कसाठी लिहिलेला थर

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहराच्या नकाशा-संग्रहालयाने नव्या डिस्क बसवल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की आता मोठमोठे नकाशे चुटकीसरशी उघडतील. तसं काही झालं नाही. तक्रार तूलिक्कीकडे आली, कारण तिथल्या कॉम्प्युटरवरची प्रणाली तिच्या कंपनीची होती आणि तिच्यातला डिस्कशी बोलणारा भाग कित्येक वर्षं तीच सांभाळत होती.

तिने तपासलं. डिस्क बिचारी क्षणात उत्तर देत होती. वेळ जात होता तो डिस्कपर्यंत पोचण्यात. वाचण्याची प्रत्येक मागणी प्रणालीतल्या एकावर एक रचलेल्या प्रोग्रामच्या थरांतून खाली उतरायची आणि प्रत्येक थर तिला थांबवून आपलं काम उरकून घ्यायचा. सगळ्यात मोठा खोळंबा होता रांग लावणाऱ्या थरापाशी. तो आता निवृत्त झालेल्या एन्सिओने लिहिला होता. त्याच्याच शेजारी बसून तूलिक्की हे काम शिकली होती.

त्या काळी डिस्क गरगर फिरायची आणि तिच्यावरचा वाचणारा दांडा इकडून तिकडे धावायचा. मागण्या येतील तशा पुरवल्या की दांड्याची नुसती पळापळ. म्हणून एन्सिओचा थर मागण्या जरा अडवून धरायचा, जवळजवळच्या एकत्र करायचा आणि मगच खाली सोडायचा. डिस्क इतकी संथ होती की एवढ्याशा अडवणुकीचं कुणाला काही वाटायचं नाही. तळघरातल्या खोलीत एन्सिओ कॉम्प्युटरच्या पत्र्याला कान लावून बसे. खडखडाट थांबून शिलाई मशीनसारखा एकसुरी आवाज यायला लागला की तो तूलिक्कीला हाताने खूण करी. बाहेर गिरणीच्या धुराड्यांवर बर्फ, आत दोघं अंगातले कोट न काढता कॉफी पीत बसलेले. ते दिवस आठवले की तिला अजून बरं वाटे.

नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नव्हतंच. थर काढून टाकणं तिच्या हातात होतं, पण एन्सिओला न सांगता काढायला मन धजेना. शनिवारी बस पकडून ती त्याच्या तळ्याकाठच्या लाकडी घरी गेली.

तो पायरीवर बसून मासे धरायच्या जाळ्याचा गुंता सोडवत होता. तिने आडूनआडून सुरुवात केली, संग्रहालय, नव्या डिस्क, तक्रार. त्याने तिला मध्येच थांबवलं.

"माझा थर आडवा येतोय, हेच ना?"

"हो."

"मग काढ की. एवढं सांगायला इतक्या लांब आलीस?"

"फोनवर सांगवेना रे."

तो पुन्हा जाळ्यातल्या गाठीकडे वळला. त्याला लागलं असावं, असं तूलिक्कीला वाटलं. पण तो विचार करत होता. फिरत्या डिस्क अजून कुणाकडे आहेत का, असं त्याने विचारलं. उत्तरेकडच्या काही शाळांत आहेत, ती म्हणाली. मग नव्या डिस्कच्या मागण्या थराला वळसा घालून सरळ खाली जाऊ दे आणि जुन्यांच्या नेहमीच्या वाटेने पाठव, असं त्याने सुचवलं. ती लगेच हो म्हणाली. आपला थर राहतोय याचाच तिला आनंद झालाय, हे तिच्या उत्साहावरून त्याने ओळखलं.

"माझ्यासाठी म्हणून ठेवू नकोस हं. शाळांना लागतोय तोवर ठेव. नंतर खुशाल फेकून दे."

दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडला. आपलंच जुनं लिखाण वाचताना एन्सिओला मधूनमधून हसू येत होतं. एका दांड्याची धावपळ वाचवायला आपण केवढी खटपट केली होती, म्हणाला. वळशाची वाट तयार होईपर्यंत कॉफीचं दुसरं भांडं संपलं, आणि मग त्याने वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवायला घेतली.

पुढच्याच आठवड्यात संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. सरोवरांचा सबंध प्रदेश आता बोटाखाली सरसर सरकतो, असं त्या सांगत होत्या. तूलिक्कीने ते एन्सिओला कळवलं. त्याने जास्त काही विचारलं नाही, तळ्यावर हवा चांगली आहे एवढंच म्हणाला.

शरद ऋतूत ती पुन्हा त्याच्याकडे गेली. या वेळी सांगण्यासारखं काम काही नव्हतं. एन्सिओने वल्ही तिच्या हातात दिली, स्वतः जाळं घेऊन नावेच्या मागच्या टोकाला बसला, आणि दोघं तळ्यात निघाली.