देनिझच्या कानात

मुर्री गावात बारसं म्हणजे आत्याचं राज्य. नाव तिनं शोधायचं, बाळाच्या कानात कुर्र करून तिनंच सांगायचं, आणि मग जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. ते धपाटे खायला पुष्पांजली सासरहून, सालेकशाहून, सकाळच्याच गाडीनं आली होती. नावही आणलं होतं. अनुसया, तिच्या गेलेल्या आईचं.

भाऊ इंद्रकुमार कामासाठी सर्बियात गेला आणि तिथल्याच येलेनाशी लग्न करून बसला. आता लेक घेऊन दोघं पहिल्यांदा घरी आले होते. आणि आल्या आल्या पुष्पांजलीला कळलं की पोरीचं नाव कधीच ठेवून झालंय. देनिझ. पासपोर्टवरसुद्धा!

"नाव तुम्हीच ठेवलं, मंग मले कायले बोलावलं? पाळणा हलवाले?"

"अवं बाई, तिथं जन्मल्याबरोबर नाव लिहा लागते," इंद्रकुमार म्हणाला.

"एक फोन कराले का झालं होतं तुले?"

पुष्पांजली मागच्या पडवीसारख्या सपरीत जाऊन बसली आणि डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून लाखोळीची भाजी निवडायला घेतली. आईचं नाव घरात परत यावं, एवढंच तिला हवं होतं.

थोड्या वेळानं येलेना पोरीला कडेवर घेऊन आली. बोलणं समजावून सांगायला मागे इंद्रकुमार.

"ती विचारून राहिली, तू कोणतं नाव आणलं?"

"आईचं."

येलेनाचा चेहरा उतरला. ती खालीच बसली आणि बोलू लागली, इंद्रकुमार सांगत गेला. देनिझ हे तिच्या आजीचं नाव. आजी तुर्कस्तानातली, लग्न होऊन सर्बियात आली. नावाचा अर्थ समुद्र.

"आपल्याकडं कुठचा आला समुद्र? चोरखमाऱ्याचा तलाव, संपलं," पुष्पांजली फणकारली. पण कान तिकडेच होते.

सर्बियात बाईच्या नावाशेवटी 'आ' लागतो, म्हणून सासरचे आजीला देनिझा म्हणू लागले. मग तेही जड वाटलं, तेव्हा तिची दाना करून टाकली. थडग्यावरही दानाच कोरलं. आता येलेनाची बहीण लंडनला असते, तिच्याकडे हे दोघं गेले तर तिथले लोक पोरीला डेनीस म्हणू लागले.

"ती म्हणते, एका घरात तरी आजीचं नाव कोणी नीट घ्यावं."

पुष्पांजलीचा हात भाजीतच थांबला. तिच्या लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, वंदना. सगळ्या बायका हसल्या, तीही हसली होती. त्या दिवसापासून सालेकशात तिला कुणी पुष्पांजली म्हटलं नव्हतं. नवरा वाईट नव्हता, सासू जीव लावायची. पण नाव गेलं ते गेलंच, आणि त्याचं वाईट वाटतं का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी पाळणा बांधला, बायका जमल्या. इंद्रकुमार दारात जीव मुठीत धरून उभा. पुष्पांजली पाळण्यावर वाकली. 'आई, रागावू नको वं,' असं आधी मनात म्हणाली.

"कुर्र... देनिझ."

जीभ जराही अडखळली नाही. त्यानंतर दुपारपर्यंत भाजी निवडता निवडता तेच तर घोकत होती बया!

बायका धपाट्यांसाठी सरसावल्या, पण येलेनानं सगळ्यांच्या आधी नंबर लावला. कुणी शिकवलं देव जाणे, असा सणसणीत हात बसला की पुष्पांजली "अगा बाप्पा!" म्हणून ओरडली. हशा पिकला.

"पुष्पा..." येलेना अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "पुष्पांजली."

पुष्पांजलीनं पदर तोंडाला लावला आणि सरळ रडायलाच लागली. मग डोळे पुसले, येलेनाकडे पाठ केली.

"आणखी एक मार," ती म्हणाली, "अन् नाव घेऊन मार."