उचकटायचे पैसे वेगळे

कार्पेटवाल्याने खोलीभर टेप फिरवला, गुडघ्यावर बसून एक कोपरा उचलून पाहिला आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला. असा चेहरा करणारा माणूस पुढे आकडा सांगतो, हे मला पक्कं ठाऊक. माझा उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला. गिऱ्हाइकाला दर सांगण्याआधी मीही तोंड असंच करत असे.

"आजी, उचकटायचे पैसे वेगळे, खालचा गोंद खरवडायचे वेगळे, जिन्यावरून उतरवायचे वेगळे आणि नेऊन टाकायचे वेगळे."

"आणि दारातून आत आलास त्याचे किती?" मी विचारलं. "आजी तुझ्या घरी. मला काकू म्हण."

तो हसला, पण आकडा काही खाली आला नाही. तेवढ्या पैशात नवं कार्पेट आलं असतं. मी बरीच घासाघीस केली. माझा मुलगा मागे उभा राहून "हो म्हण, हो म्हण" अशा खुणा करत होता. पैसे मी माझेच देणार होते, म्हणून त्याच्या खुणांकडे मी बघितलं नाही.

काढणं मात्र भाग होतं. या कार्पेटच्या उसवलेल्या कडेत पाय अडकून मी पडले आणि उजव्या पायाचं हाड मोडून घेतलं. पडले सकाळी, आणि संध्याकाळी मुलगा डोकावला तेव्हा कुठे मला उचललं. फोन टेबलावर, मी जमिनीवर. कपडे बेतायची मोठी कात्री तेवढी हाताशी होती. तिच्या मुठीने मी जमीन ठोकत राहिले, हात भरून येईपर्यंत. खिडकीतून खालच्या घरातला रेडिओ एवढा मोठ्याने ऐकू येत होता की माझ्या हाका त्यात बुडाल्या. म्हणजे खालची घरात होती. पण ती काही वर आली नाही.

प्लास्टर निघाल्यावर मुलाने मला समोर बसवलं. "आई, इथे तू ओरडलीस तरी ऐकायला कुणी नाही. आमच्याकडे चल. तुझी खोली तयार आहे." मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण त्या खोलीत माझं मशीन मावत नाही आणि दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे उठणं मला जमत नाही. मी हटून बसले. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, कार्पेट काढून बघू. पण पुन्हा पडलीस तर कुणाला कळणार, ते सांग." मी कार्पेटवाल्याला फोन लावला.

खालचीचं आणि माझं जुनं आहे. तिचा नवरा रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा. त्याच्या डोक्यावर दिवसभर माझं मशीन. एकदा ती वर आली आणि अजिजीने म्हणाली, "ताई, काही करता येईल का?" माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. मी तिरीमिरीत दुकानात गेले, सगळ्यात जाड कार्पेट घेतलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत गोंद लावून चिकटवून घेतलं आणि त्याची किंमत तिला जिन्यातच ऐकवली. तेव्हापासून आमचं बोलणं मान हलवण्यापुरतं. नवरा गेला बिचारीचा, तरी मी दोन शब्दांपलीकडे गेले नाही.

आणि आता तर ती ऐकूनही आली नव्हती. हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी तिला सुनवायची वाक्यं जुळवत होते. फार झणझणीत जुळली होती.

कार्पेटवाला ठरल्या दिवशी आला. मुलगाही आला होता. सुरीने पट्टे कापायचे, ओढायचे, गुंडाळी करायची आणि शिंकायचं, असं त्याचं चाललं होतं. खालून खजिना वगैरे काही निघाला नाही. टाचण्या निघाल्या, बटणं निघाली आणि गोंदाचे पिवळे डाग पडलेली साधी फरशी निघाली. शेवटचा पट्टा मशीनखालचा. तो काढायला त्याने मशीन सरकवलं आणि वरची कात्री खणकन उघड्या फरशीवर पडली.

"सॉरी हं काकू," तो म्हणतोय तोवर जिन्यात धडधड पावलं वाजली. दार उघडंच होतं. दारात खालची. हात साबणाने भरलेले, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि दम असा लागलेला की चौकट धरून उभी.

"ताई! पडलात? कुठे लागलं?"

"मी नाही," मी म्हटलं. "कात्री पडली."

ती तिथेच गुंडाळलेल्या कार्पेटवर बसली. "जीव भांड्यात पडला बाई." आणि एकदम रडायलाच लागली. "त्या दिवशी मी घरातच होते हो. दिवसभर घरात. अँब्युलन्स आली तेव्हा कळलं मला. वरचा एक आवाज ऐकू आला नाही. तुम्ही वर तळमळत होतात आणि मी खाली रेडिओ लावून बसले होते."

जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. कार्पेट विकताना दुकानदार म्हणाला होता, खाली सुई पडल्याचासुद्धा आवाज जाणार नाही. शब्दाला जागला मेला.

"रडू नका," मी म्हटलं. "तुम्ही आलात ना. चप्पल टाकून धावत आलात." आणि मग मीच पदर डोळ्याला लावला. माझ्यासाठी कुणी इतकं धावेल, असं मला वाटलं नव्हतं.

मुलगा तिला हळूच म्हणाला, "काकू, आता तुम्हाला सगळे आवाज येतील हं. काठीचा, मशीनचा."

"येऊ दे की," ती म्हणाली. "घर नुसतं खायला उठतं. ताई, रोज सकाळी मशीन चालवत जा. आवाज नाही आला, तर मी वर येईन."

मुलाने त्यानंतर त्यांच्याकडच्या खोलीचा विषय काढला नाही. मी सगळ्यांना चहा केला. खालची थांबली आणि हात धुऊन फरशीवरच्या टाचण्या वेचायला बसली. निघताना कार्पेटवाल्याला मी ठरलेले सगळे पैसे दिले, गोंदाचे, जिन्याचे, सगळे, आणि वर थोडे जास्त.

"काकू, ठरवताना तर केवढ्या भांडलात," तो म्हणाला.

"तेव्हा मला वाटलं होतं, तू नुसतं कार्पेट काढणार आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले. शिवायला काहीच नव्हतं. सुईत दोराही नव्हता. डाव्या, धड पायाने पायडल दाबलं आणि रिकामं मशीन खडखडायला लागलं. जरा वेळाने थांबले. खालून रेडिओ ऐकू येत होता. मी पुन्हा पायडल दाबलं, तसा तो बारीक झाला.

मग मी आणखी थोडा वेळ चालवलं.