चादरीची दोन टोकं

घरातली अवघड बोलणी कशी होतात, हा बाईंच्या संशोधनाचा विषय. कितीतरी कुटुंबांची बोलणी ऐकून त्यांचं मत पक्कं झालं होतं: समोरासमोर बसवलं की माणूस तोंडाला कुलूप लावतो; हात कामात गुंतवा, जीभ आपोआप सुटते. परिषदेत कुणी नाक मुरडलं, तर बाई पुराव्यानिशी त्याचं तोंड बंद करत.

आज वडिलांचं गाडी चालवणं थांबवायचं होतं. भावाने केव्हाच हात टेकले होते. बाईंनी दोरीवरची वाळलेली चादर आणली आणि दोन टोकं वडिलांच्या हातात दिली. पहिली घडी पडताच त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला उजवीकडचं नीट दिसत नाही. यापुढे गाडी मी चालवणार."

वडिलांनी चादर ताणून धरली. "तुझी आईसुद्धा कडू बोलायचं असलं की मला चादरच धरायला लावायची."

घडी पुरी झाल्यावर त्यांनी खिशातली किल्ली काढून तिच्यावर ठेवली. बाई मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत कपाटाकडे वळल्या.

"थांब," वडील म्हणाले, "आता दुसरी चादर आण. मलाही तुला काही सांगायचंय."