मामा का गेले, ते मी सांगते

मी ढेरी बोलतेय. खरी नव्हे, खोटी. रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर मामांच्या शर्टाची बटणं ताणून धरते ना, तीच मी. मामांनी मालिका का सोडली, याबद्दल तुम्ही बरंच वाचलं असेल. डोक्यात हवा गेली, मामींशी पटेना, सिनेमा मिळाला. यातलं एकही खरं नाही. मी नऊ वर्षं त्यांच्या पोटावर होते. मला विचारायला कोणी येणार नाही, म्हणून आपणहून सांगते.

मला कपडेपटातल्या शिंपीकाकांनी शिवलं. आत फोम आणि जुन्या चादरींच्या चिंध्या, वर जाड सुती कापड, मागे दोन पट्टे. ज्यांना मामांचं काम मिळालं ते नट अगदी काटकुळे. मला बांधून आरशापुढे उभे राहिले आणि काकांना म्हणाले, अंगाला काहीतरी लागलं असं आता तरी घरचे म्हणतील. पुढे सेटवर सगळे त्यांना मामाच म्हणू लागले. खरं नाव घराच्या दारावरच्या पाटीपुरतं उरलं.

तुम्हाला आवडतं ते मामांचं पडणं मुळात लिहिलेलंच नव्हतं. तिसऱ्या भागात खुर्चीचा पाय खरोखरच मोडला आणि मामा पाठीवर आपटले. पाय हवेत, मी आभाळाकडे तोंड करून. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. दिग्दर्शकांनी ते तसंच ठेवलं. त्यानंतर सुतार रोज एका खुर्चीचा पाय करवतीने अर्धा कापून ठेवू लागला.

आणखी काही आतल्या गोष्टी सांगते. तुम्हाला ऐकू येतं ते हसू त्या दिवसाचं नसतं; एकदाच भरून ठेवलंय, नऊ वर्षं तेच वापरतात. मामींच्या कपात चहा नसतो. जिन्याच्या वर खोली नाही, नुसती फळी आहे. सगळं खोटं, फक्त फरशी खरी. गादी घातली तर कॅमेऱ्यात दिसते, म्हणून मामा उघड्या फरशीवर पडत. एका भागासाठी कधी चारदा, कधी सहादा. मी त्यांच्या पोटावर. पाठीला काहीच नव्हतं.

आठव्या वर्षी त्यांची डावी चप्पल पायातून निसटायला लागली आणि त्यांना ते कळायचंही नाही. चार पावलं गेल्यावर मागे वळून बघत, तेव्हा ती पडलेली दिसे. काकांकडून त्यांनी चपलेला पट्टी शिवून घेतली आणि कुणाला बोलू नका म्हणाले. मोजे घरून बायकोच घालून देई.

डॉक्टरांनी मणक्याचे फोटो बघून स्वच्छ सांगितलं, पडणं आजपासून बंद, नाहीतर पाय जातील. मामांनी हे आधी लेखकाच्या कानावर घातलं. तो त्यांचा नाटकाच्या दिवसांपासूनचा दोस्त. त्याने न पडण्याचे तीन भाग लिहिले. वाहिनीच्या ऑफिसातून तिन्ही परत आले. लोक पडणंच बघतात, असा शेरा होता. दुसरा माणूस पाडावा, तर पडताना चेहरा दिसावा लागतो. मग मामा दिग्दर्शकांपुढे हात जोडून उभे राहिले. घसरतो, अडखळतो, हवं तर डोक्यावर पिठाचा डबा उपडा करा, पण पाठीवर पाडू नका.

दिग्दर्शक मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "एवढा भाग होऊ द्या मामा, मग बघू."

ते ‘बघू’ चार महिने चाललं. सोडून द्या, असं काका त्यांना रोज म्हणत. मी गेलो आणि मालिका बंद पडली तर तिच्यावर चालणाऱ्या चाळीस घरांचं काय, असं मामा म्हणत आणि माझे पट्टे आवळून घेत.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले असतील. खुर्ची मोडली, मामा पडले. एरवी ते कुशीवर वळत आणि मला दोन्ही हातांनी सावरत उठत. त्या दिवशी वळले नाहीत. मामांनी नवीन काहीतरी काढलं असं समजून सगळे हसत सुटले. कॅमेरा चालूच. त्यांच्या श्वासाबरोबर मी भराभर वरखाली होत होते आणि मला बाजूला सरकता येईना. मामींचं काम करणाऱ्या बाई वाकल्या. मामा चेहऱ्यावरचं हसू न मोडता त्यांना हळूच म्हणाले, "बाई, माझे पाय कुठायत?"

बाई किंचाळल्या, तेव्हा कुठे काम थांबलं.

तो भाग दाखवला. किंकाळी कापून टाकली आणि वर हसू चिकटवलं. तुम्ही तो पाहिला असेल. सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला भाग आहे तो.

मामा आता चाकांच्या खुर्चीत असतात. कुठे बोलणार नाही, अशा कागदावर त्यांची सही इस्पितळातच घेतली. पडणं काढा, नाहीतर मी येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. काढलं नाही, तेव्हा त्या अर्ध्या मेकअपनिशी निघून गेल्या. वय झालं म्हणून त्यांना वगळलं, अशी बातमी आली. लेखक अजून आहे. पडण्याचा प्रसंग तेवढा तो दुसऱ्याकडून लिहून घेतो.

आज नवे मामा आलेत. शाळेत चित्रकला शिकवायचे, नोकरी सोडून आलेत. मला बांधताना त्यांनी सहज विचारलं, "काका, आधीचे मामा का गेले हो?"

शिंपीकाकांनी पट्टा आवळला. "दुसरं काम मिळालं त्यांना," ते म्हणाले. काकांची लेक बाळंतपणाला आली आहे आणि घरात कमावते ते एकटेच.

खोटं बोलल्यावर काकांनी दार लावून घेतलं आणि नव्या मामांच्या बनियनला पाठीमागून फोमचा जाड थर शिवला. दिग्दर्शकांना तो लगेच दिसला. मामा कुबडे वाटतात, म्हणाले. काकांनी तो सगळ्यांसमोर उसवला.

आता हाक आली आहे. नवे मामा पहिलं वाक्य पुटपुटत निघालेत, त्यांचं काळीज माझ्यावर धडधडतंय. मला ओरडता येत नाही, पट्टे तोडून गळून पडता येत नाही. तुम्ही हसू नका, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? हसण्यासाठीच मला शिवलंय. एवढंच करा. साडेसातला टीव्हीवर ते पडतील, तेव्हा हसण्याआधी थोडं थांबा, आणि माणूस उठतोय का ते बघा.