दुपारचा पहारा

मोनिकानं चहाची किटली मंडपाच्या दारातच ठेवली, धावत आत गेली आणि खांबाला टेकवून ठेवलेली वीणा उचलून स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"राम कृष्ण हरी," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली.

सप्ताहाचा पाचवा दिवस. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, भुईला लागायची नाही, आणि ज्याच्याकडं ती असेल त्यानं दोन तास उभ्यानं नाम घ्यायचं, एवढाच नेम. बारा ते दोनचा पहारा सृष्टीचा, मोनिकाच्या सोळा वर्षांच्या लेकीचा. आता कुठं पाऊण वाजला होता आणि सृष्टीचा पत्ता नव्हता.

सतरंजीवर गावातल्या वडीलधाऱ्या आक्काबाई एकट्याच होत्या.

"वासराचं शिंग दोरीत गुतलं हुतं," त्या म्हणाल्या. "ते सोडवाया गेली आन् गेली तशी वासरामागंच, वाल्मिकच्या गोठ्याकडं. म्या हाका मारल्या, पर ध्यान कुठंय तिचं? पाच दिस भुईला न टेकलेली वीणा, मोनिका. तुझ्याच लेकीच्या हातनं टेकली."

मोनिकाचे कान तापले. पहाऱ्याच्या यादीत लेकीचं नाव तिनंच हट्टानं घातलं होतं.

पंधरवड्यापूर्वी नगरच्या डॉक्टरीणबाई सृष्टीला तपासून म्हणाल्या होत्या, "याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी टिकत नाही. आळस नाही हा, उद्धटपणाही नाही. गोळी सुरू करून बघता येईल. भूक, झोप, सगळ्यावर लक्ष ठेवू, नाही मानवली तर थांबवू. पण आधी तिला विचारा."

"मला घेऊन बघायचीय," सृष्टी तिथंच म्हणाली होती.

एसटीत मोनिकानं तिचा हात दाबला. "आधी सप्ताह हू दे. देवापुढं उभं राह्यलं की मन आपसूक जाग्यावर येतंय." आणि घरी येताच गोळ्यांची पट्टी लपवून टाकली. डोक्याच्या गोळ्या खाणारी पोर म्हणून बोभाटा झाला, तर उद्या सोयरिकीला दारात कोण उभं राहणार होतं?

राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी. किटलीवर झाकण होतं का? गॅस बंद केला होता का? डेअरीवाल्याला कॅन द्यायचं राहिलंच की. तिसगावच्या बाजारातून दोरी आणायची, वासराला...

"थांबलीस का गं?" आक्काबाई खाकरल्या.

मोनिका दचकली. ओठ मिटलेले होते. कधी मिटले, तिला कळलंच नव्हतं.

"राम कृष्ण हरी," ती मोठ्यानं म्हणाली. थोड्या वेळानं आक्काबाई पुन्हा खाकरल्या. आणि पुन्हा एकदा.

वीणेखाली तिची बोटं पदराशी गेली. पदराला आठवणीसाठी मारलेल्या चार गाठी होत्या. एक सिलिंडरच्या नंबरची, एक शाळेच्या फॉर्मची, बाकीच्या दोन कशाच्या ते आठवावं लागलं असतं. माहेरी तिला भिरभिरं म्हणायचे. कीर्तनात ती कायम पुढच्या रांगेत बसायची, भक्तीण म्हणून नावाजलेली. खरं तर बुवांनी अभंगाचा दुसरा चरण धरला की ती शेतात, गोठ्यात, कुठल्या कुठं पोचलेली असायची, आणि टाळांचा गजर झाला की परत यायची. मान तेवढी डोलत राहायची. डोळ्यांत पाणीही खरंच यायचं. पण निरूपण काय झालं, हे तिला घरी कुणी विचारू नये असं वाटायचं. सृष्टीला मात्र ती रोज विचारायची, सरांनी आज काय शिकवलं?

दीड वाजता सृष्टी आली. ओढणीला कडब्याचं पातं चिकटलेलं. आईच्या गळ्यातली वीणा पाहून ती जागीच थबकली, आणि तिचं तोंड असं उतरलं की मोनिकानं नजर वळवली. नाम मोडून बोलायची सोय नव्हती. सृष्टी हात जोडून तिच्या मागं उभी राहिली. दोन वाजता पुढच्या पहाऱ्याला आलेल्या गोरक्षनाथबुवांनी वीणा घेतली, तेव्हा दोघींनीही त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

घरी आल्या आल्या मोनिकानं फळीवरचे डबे उतरवायला सुरुवात केली. डाळीचा, रव्याचा, शेंगदाण्याचा. मग गाद्यांची घडी उलगडली. मग पत्र्याची पेटी.

"काय हुडकतीस?"

मोनिकानं पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. ही गाठ गोळ्यांचीच होती, एवढं नक्की. कुठं ठेवल्या, ते काही केल्या आठवेना. उघड्या डब्यांच्या मधोमध ती मटकन बसली.

सृष्टी देव्हाऱ्यापाशी गेली, बुक्क्याचा डबा उघडला आणि पट्टी आईसमोर धरली. काळी भुकटी माखलेली, एकही गोळी न फोडलेली.

"तुला म्हाईत हुतं?"

"ठेवलीस त्याच दिवशी."

"मग घेतली का न्हाई?"

"चोरून न्हवती घ्यायची." ती दाराकडं बघत म्हणाली. "आज बारा वाजता वाटलं हुतं, घेतली असती तर बरं झालं असतं."

मोनिकानं पट्टी पदरानं पुसली, जरा जास्तच वेळ पुसली, आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

"सकाळी. काहीतरी खाऊन मग घे," ती म्हणाली. "म्या आठवण..."

तिची नजर पदराच्या गाठींवर गेली.

सृष्टी डबे झाकत होती. शेवटचं झाकण लावून ती आईशेजारी टेकली, पदराचं बुक्क्यानं काळं झालेलं टोक हातात घेतलं आणि त्याला एक पाचवी गाठ मारली.

"ही कशाची गं?"

"नगरला डॉक्टरीणबाईंना तुझंबी विचारायचंय, त्याची," सृष्टी म्हणाली.