धाकटीचे सव्वाआठ टक्के

तिला सगळे ताईच म्हणत. घरात ती थोरली म्हणून, आणि चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं झाली म्हणून. दुकानाच्या मागच्या अरुंद खोलीत बसून ती काचा घासायची, कडा गुळगुळीत करायची आणि फ्रेममध्ये बसवायची. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर माणसाचं डोकं दुखतं, हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे तिच्या हातचा चष्मा सहसा परत येत नसे.

तिची धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट होती. एका मोठ्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायची. ती आली की माणसं हसायची, बसायला जागा करून द्यायची. ताईला हे लहानपणापासून दिसत आलं होतं. एकच फ्रॉक दोघींनी घातला तर लोक म्हणायचे, धाकटीला काय शोभून दिसतो. थोरलीला तो आखूड झालेला असायचा, एवढाच काय तो फरक, पण तेवढा कोण बघतो.

एका रविवारी धाकटी ताईकडे आली होती. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि बोलता बोलता ती म्हणाली, "माझ्या घराच्या कर्जाचा दर कमी करून घेतला मी. सव्वाआठ झाला."

"टक्के?" ताईने विचारलं.

"मग काय किलो? तुझा किती आहे गं?"

ताईला आपला आकडा तोंडपाठ होता, पण ती म्हणाली, "बघायला हवं. असाच काहीतरी असेल."

तिचा दर होता नऊ पूर्णांक पासष्ट. सात वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा कमी होता, मग बाजारात दर वाढले तसा चढत गेला, आणि नंतर उतरायला विसरला.

"कसा काय केलास कमी?" तिने कप गोळा करता करता विचारलं.

"काही नाही. बँकेत गेले आणि म्हटलं, नव्या गिऱ्हाइकाला सव्वाआठने देता, मग मी काय घोडं मारलंय? दुसरीकडे जाते म्हटल्यावर त्यांनी एक अर्ज भरून घेतला. थोडी फी घेतली, झालं."

एक अर्ज. ताई सात वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरत होती. एकदाही चुकला नव्हता. तिला आपलं वाटायचं, कुठेतरी याची नोंद होत असेल. आणि ही बया गेली, दोन शब्द बोलली आणि घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई एका नव्या बँकेत गेली. दुकानासमोरच ती उघडली होती, काचेवर मोठ्या अक्षरात दर लिहिलेला होता. आत एका तरुण अधिकारी बाईने तिला खुर्ची दिली, आकडे विचारले आणि संगणकावर घातले. बावीस लाख शिल्लक, तेरा वर्षं बाकी, सध्याचा हप्ता चोवीस हजार आठशे.

"मॅडम, आम्ही तुम्हाला आठ पूर्णांक चाळीसने देऊ," अधिकारी बाई म्हणाली. "हप्ता एकोणीस हजारांवर येईल."

ताईच्या डोळ्यांसमोर धाकटीचा चेहरा आला. सव्वाआठ असू दे तिचे, महिन्याला जवळजवळ सहा हजार सुटले म्हटल्यावर तिची जीभ जरा तरी टाळ्याला चिकटली असती.

पण एकवीस वर्षं अर्धा मिलिमीटर मोजणाऱ्या बाईला काहीतरी खटकलं. "सव्वा टक्क्यात एवढा फरक कसा पडला?"

"मुदत वीस वर्षांची धरलीय ना."

"माझी तेरा उरलीत."

"तुम्हाला ओझं वाटू नये म्हणून, मॅडम."

ताईने पावतीच्या पाठीवर गुणाकार केला. वीस वर्षांत पंचेचाळीस लाखांच्या वर भरायचे होते. आहे तसंच चालू ठेवलं असतं तरी एकोणचाळीसच्या आतच आटोपलं असतं. "तेरा वर्षांचंच सांगा," ती म्हणाली. तेव्हा हप्ता निघाला तेवीस हजार दोनशे. म्हणजे महिन्याला दीड हजाराहून थोडे जास्त सुटत होते. त्यात वकिलाची तपासणी, घराचं मूल्यांकन, नोंदणी, प्रक्रिया शुल्क, असा चौतीस हजारांचा खर्च वेगळा.

मग ती आपल्या जुन्या बँकेत गेली आणि धाकटीचंच वाक्य बोलली, घोड्यासकट. तिथला साहेब हसला. साडेआठ देतो म्हणाला, फी सहा हजार. ताईने दोन्हीकडचे आकडे एका कागदावर मांडले. सगळा खर्च वजा जाता जुन्या बँकेत राहिलं तर तेरा वर्षांत नऊ हजार जास्त वाचत होते. फार नाही, पण हिशोब स्पष्ट होता.

संध्याकाळी तिने धाकटीला फोन केला. बँक बदलायचा विचार होता, पण जुनीच बरी पडतेय, एवढंच सांगायचं होतं तिला. आपल्यालाही अर्ज भरता येतो, हे कळायला हवं होतं ना तिला.

मग धाकटी म्हणाली, "ताई, बँक बदललीस तर मी जामिनातून सुटेन का गं?"

ताई हे विसरलीच होती. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा शाळेची बस कंत्राटावर चालवायचा. पगार पक्का नाही म्हणून बँकेने जामीनदार मागितला होता. धाकटीला तेव्हा दवाखान्यात नुकतीच नोकरी लागली होती. तिने पेन काढून सही केली होती आणि नंतर तो विषय कधी निघाला नव्हता.

"का? काय झालं?"

"दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक घर विकायला आलंय. खाली रस्त्याला लागून वेगळी खोली आहे. माझं स्वतःचं उपचार केंद्र काढता येईल. पण बँक म्हणते, तुमच्या डोक्यावर बहिणीचं कर्ज धरलेलं आहे, त्यामुळे एवढं देता येणार नाही. पहिलं घर घेतलं तेव्हाही तसंच झालं होतं."

"म्हणून तू दोनच खोल्या घेतल्यास?"

"तेवढंच बसत होतं. असू दे गं. मी सहज विचारलं."

फोन ठेवल्यावर ताई गॅलरीत जाऊन उभी राहिली. धाकटीपेक्षा आपलं घर एका खोलीने मोठं आहे, हे तिचं इतक्या वर्षांचं समाधान होतं. नातेवाइकांत कुणी धाकटीचं कौतुक काढलं की ती मनातल्या मनात आपल्या तिसऱ्या खोलीत जाऊन बसायची. आणि ती खोली धाकटीच्याच सहीने मिळालेली होती. एवढं कळल्यावर माणसाला लाज वाटायला हवी. ताईला वाटली, पण लाजेच्या आधी तिला वेगळंच काहीतरी दिसलं. धाकटीच्या नावाची पाटी असलेलं उपचार केंद्र दिसलं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाटी दाखवतेय, हेही दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारल्यावर जुन्या बँकेतला साहेब म्हणाला की जामीनदार बदलता येईल, पण काढता येणार नाही. दुसरा जामीनदार कुठून आणायचा? नव्या बँकेला जामीनदार नको होता, कारण नवरा आता नोकरीत कायम झाला होता. म्हणजे नऊ हजार सोडले की धाकटी मोकळी. आणि नाही सोडले, तर धाकटी आहे तिथेच.

तीन दिवसांनी तिने धाकटीला कळवलं, "बघितलं गं मी. हिशोबात बसत नाही. जुनीच बँक स्वस्त पडते."

"बरं," धाकटी म्हणाली. तिने आग्रह केला नाही, रुसलीही नाही. ताईला ते जास्त झोंबलं. भांडली असती तर उत्तर तयार होतं.

जुन्या बँकेतला दर कमी करायचा अर्ज भरून ताईच्या पर्समध्ये पडून होता. आठवडा गेला, दुसरा गेला. नवऱ्याने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "दिलास का गं तो अर्ज?"

"देते."

"की त्या दुसऱ्या बँकेत जायचं? तिचं काम होत असेल तर नऊ हजार काय, तेरा वर्षांत जातील कुठेतरी."

"अहो, प्रश्न नऊ हजारांचा नाहीये," ताई म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर तिलाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजीत घातली. एवढ्या वर्षांत त्याला कुठे थांबायचं ते समजायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात धाकटी दुकानात आली. जुना चष्मा कुणा पेशंटच्या कोपराखाली येऊन मोडला होता. "ताई, तूच माप घे," ती म्हणाली.

ताईने तिला स्टुलावर बसवलं, स्वतः समोर बसली आणि छोटी पट्टी तिच्या नाकावर टेकवली. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजताना चेहरा वीतभर अंतरावर येतो. दोघीही एवढ्या जवळून एकमेकींना बऱ्याच वर्षांत दिसल्या नव्हत्या. धाकटीच्या डोळ्यांखाली बारीक रेषा आल्या होत्या, आणि त्याही तिला शोभत होत्या.

"समोर बघ. माझ्या उजव्या डोळ्यात," ताई म्हणाली. मग पट्टी तशीच धरून म्हणाली, "मी तुला नाही म्हटलं ते मुद्दाम. नऊ हजारांचाच फरक आहे."

धाकटी हलली नाही. माप घेताना हलायचं नसतं, हे तिला माहीत होतं. "मला वाटलंच."

"तुझी पाटी लागलेली बघवणार नाही मला. हेवा वाटतो तुझा. आजचा नाही."

"माहितीये मला. त्या फ्रॉकपासून."

"मग कधी बोलली नाहीस?"

"काय बोलू? मला बरं वाटायचं ते." धाकटी आता हसली आणि माप चुकलं. "खरंच सांगते. दवाखान्यात सगळे गोड बोलतात, घरी नवरा गोड बोलतो. पण आपल्यावर कुणीतरी मनापासून जळतंय म्हटल्यावर वाटतं, आपण काहीतरी केलंय बाई. दर कमी झाला ना माझा, तेव्हा पहिल्यांदा तुलाच सांगायला आले होते. चहासाठी नव्हते आले."

ताई तिच्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, तो आलाही. पण त्याबरोबर तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं. इतकी वर्षं आपण एकटीच वाईट आहोत, असं ती समजून चालली होती.

"सरळ बस," ती म्हणाली. "पुन्हा मोजायला लागणार."

दुसऱ्या दिवशी ती नव्या बँकेत गेली आणि तेरा वर्षांच्या मुदतीवर कर्ज हलवायचा अर्ज दिला. वकिलाने कागद तपासले, मूल्यांकनाला आलेल्या माणसाने तिन्ही खोल्यांत टेप फिरवली. महिन्याभराने जुन्या बँकेतून घराची मूळ कागदपत्रं आणि धाकटी जामिनातून मोकळी झाल्याचं पत्र आलं. ताईने ते पत्र पाकिटात घालून दवाखान्यात नेऊन दिलं. धाकटीचे दोन्ही हात कुणाच्या तरी पाठीवर होते. तिने मानेनेच, टेबलावर ठेव, असं सांगितलं.

नव्या घरासाठी धाकटीला आता मोठं कर्ज हवं होतं आणि तिला वेळ नव्हता. चार बँकांची पत्रकं घेऊन ती ताईकडे आली. "तूच बघ. तुला यातलं आता जास्त कळतं."

ताईला खरंच कळत होतं. कुठल्या दराला कुठली फी चिकटलेली आहे, कुणी मुदत लांबवून हप्ता लहान दाखवलाय, विम्याचा हप्ता हळूच कुठे घुसवलाय, हे ती काचेवरचा ओरखडा शोधावा तसं शोधायची. शेवटी ती धाकटीला घेऊन एका बँकेत गेली आणि धाकटीला गप्प बसायला सांगून स्वतः बोलली. अर्ध्या तासाने साहेबाने हात टेकले. आठ पूर्णांक पंधरा.

जिन्यावरून उतरताना धाकटीने तिचा दंड धरला. "ताई, तुझ्यापेक्षा पाव टक्का कमी."

"दिसतंय मला," ताई म्हणाली.

तो जुना हेवा आलाच. तिने तो येऊ दिला. सौदा तर आपणच केला होता, आणि चांगला केला होता, यात शंका नव्हती. कोपऱ्यावर धाकटी दवाखान्याकडे वळली. ताईने घड्याळ पाहिलं. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. ती सरळ आपल्या नव्या बँकेत शिरली, त्याच अधिकारी बाईसमोर बसली आणि म्हणाली, "माझा दर आठ पंधरा करायचा आहे."

"मॅडम, तुमचं कर्ज येऊन दीड महिनाच झालाय. वर्षभर तरी काही करता येणार नाही."

"वर्ष कुठल्या तारखेला होतं?"

अधिकारी बाईने तारीख सांगितली. ताईने ती हाताच्या तळव्यावर लिहून घेतली आणि दुकानात जाऊन धाकटीच्या नव्या चष्म्याची काच घासायला घेतली.